अक्षरतुलनेची यंत्रभाषा आणि मराठी नावे : बारामती-इंदापूरच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

मुंबई इलाख्यातील रयतवारी जमीनमोजणीचा इतिहास इंदापूर तालुक्याला वगळून लिहिता येत नाही. प्रिंगल यांच्या १८३० च्या सुमाराच्या आकारणीने या भागातील रयत मेटाकुटीस आली. त्यानंतर गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट विंगेट यांनी १८३५-३६ मध्ये नव्या पाहणीची सुरुवात इंदापूरपासूनच केली, आणि पुढे १८४७ च्या संयुक्त अहवालाने तिची तत्त्वे इलाखाभर मान्य झाली. या पाहणीचे महत्त्व सामान्यतः साऱ्याच्या दराच्या अंगाने सांगितले जाते. तिचे दुसरे अंग मात्र अभ्यासकांच्या नजरेतून बहुधा निसटते. त्यापूर्वी दख्खनमधील गावात जमीन ‘थळा’च्या नावाने ओळखली जाई, आणि थळझाडा हा मूलतः नावांचा दस्तऐवज होता. पाहणीने शेताला क्रमांक दिला. नाव चार कारकून चार तऱ्हांनी लिहू शकतात. क्रमांकाचे तसे होत नाही. जमिनीची ओळख नावावरून क्रमांकावर नेणे ही एका अर्थी शब्दांची तुलना टाळण्याची युक्ती होती.

पावणेदोनशे वर्षांनंतर तीच तुलना संगणकाच्या मार्गाने परत आली. राज्याचा सातबारा संकेतस्थळावर उपलब्ध झाला आणि १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीसह मिळू लागला. तेथे गट क्रमांकाप्रमाणेच खातेदाराच्या नावाने आणि आडनावाने शोध घेण्याची सोय आहे. क्रमांकाने शोधणाऱ्यास उतारा सहसा सापडतो. नावाने शोधणाऱ्यास तो सापडेल की नाही, हे दोन अक्षरमालिका यंत्राला ‘समान’ वाटतात की नाही यावर अवलंबून राहते. वारसनोंद, पीककर्ज किंवा भूसंपादनाचा मोबदला अशा वेळी ही बाब केवळ तांत्रिक राहत नाही.

प्रस्तुत निबंधात या तुलनेचा यंत्रभाषेच्या, म्हणजे असेंब्लीच्या पातळीवरील इतिहास मांडला आहे. तुलना वेगवान करण्याचे गेल्या साठ वर्षांतील बहुतेक प्रयत्न नाव म्हणजे बाइटांची एक ओळ या गृहीतावर उभे आहेत. मराठीच्या बाबतीत हे गृहीत काही काळ आश्चर्यकारकरीत्या निभावले. त्याचे श्रेय प्रोसेसरच्या सूचनांपेक्षा संकेतांकांच्या क्रमवारीला अधिक जाते, असे येथे प्रतिपादन आहे. संगणकशास्त्राचे शिक्षण आता बारामतीसारख्या ठिकाणी सर्रास दिले जाते. तेथील तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय १९६२ मध्ये, तर विद्या प्रतिष्ठान १९७२ मध्ये स्थापन झाले. असे असूनही हा विषय अभ्यासक्रमात येतो तो इंग्रजी शब्दांच्या उदाहरणांनी. येथे उदाहरणे मुद्दाम याच दोन तालुक्यांतील गावांची घेतली आहेत.

यंत्र दोन नावे कशी ताडून पाहते

बारामती तालुक्यातील माळेगाव आणि मासाळवाडी ही दोन नावे घेऊ. माणूस ती एका दृष्टिक्षेपात वेगळी ओळखतो. यंत्र पहिल्या नावाचा पहिला बाइट व दुसऱ्याचा पहिला बाइट उचलते, एकातून दुसरा वजा करते आणि बाकी शून्य असेल तर पुढच्या जोडीकडे वळते. बाकी शून्य नसेल त्या क्षणी निकाल लागतो : नावे भिन्न आहेत, आणि ज्याचा बाइट लहान ते नाव यादीत आधी. दोन्ही नावे एकाच वेळी संपली तर ती समान. यात भाषेचे ज्ञान कोठेही नाही. आहे ती वजाबाकी.

ही क्रिया इतकी वारंवार लागते की यंत्ररचनाकारांनी तिच्यासाठी स्वतंत्र सूचना दिल्या. आयबीएमच्या सिस्टिम/३६० या १९६४ च्या यंत्रकुलात ‘सीएलसी’ ही सूचना होती. ती एका फटक्यात २५६ बाइटांपर्यंत तुलना करी. तिला लांबी आधी सांगावी लागे. याउलट पीडीपी-११ वर वाढलेल्या सी भाषेने शेवटी शून्य बाइट ठेवून मालिका संपवण्याची पद्धत रूढ केली. लांबी साठवण्याची गरज उरली नाही, परंतु प्रत्येक पावलावर ‘भिन्न आहे काय?’ यासोबत ‘संपले काय?’ हाही प्रश्न विचारणे भाग पडले. पुढील चाळीस वर्षांचे बरेचसे चातुर्य या दुसऱ्या प्रश्नाचा खर्च कमी करण्यात गेले आहे.

सूक्ष्मप्रक्रियकांच्या पिढीत झिलॉगच्या झेड८० मध्ये (१९७६) एका बाइटाचा शोध घेणारी सूचना आली. इंटेलच्या ८०८६ मध्ये (१९७८) दोन मालिका ताडणारी ‘सीएमपीएसबी’ आणि तिला जोडावयाचा ‘आरईपीई’ हा उपसर्ग आला. पहिल्या मालिकेचा पत्ता एसआय या रजिस्टरमध्ये, दुसरीचा डीआयमध्ये, लांबी सीएक्समध्ये. एवढी मांडणी केली की समानता टिकेपर्यंत यंत्र स्वतःच पुढे सरकत राही. इंटेलच्या माहितीपुस्तिकेप्रमाणे सुरुवातीस ९ आणि प्रत्येक बाइटास २२ घड्याळ-ठोके लागत. पाच मेगाहर्ट्झच्या यंत्रावर वीस बाइटांची दोन समान नावे ताडण्यास ४४९ ठोके, म्हणजे सुमारे ९० मायक्रोसेकंद. हेच काम सुट्या सूचनांची फेरी लिहून केले तर वेळ जवळपास दुप्पट होई. म्हणून त्या काळचा कुशल प्रोग्रॅमर ही सूचना हमखास वापरी.

पुढे चित्र उलटले. ८०४८६ (१९८९) आणि पेंटियम (१९९३) यांच्यात साध्या सूचना एकेका ठोक्यात पार पडू लागल्या, आणि ‘आरईपीई सीएमपीएसबी’ ही जोडी मागे पडली. ज्या सूचनेला काल ‘इष्टतम’ म्हटले जाई ती आज टाळावी लागते, हा या क्षेत्राच्या इतिहासात वारंवार येणारा अनुभव आहे. पाठ्यपुस्तके मात्र ती सूचना अजून त्याच कौतुकाने शिकवतात.

आठवा बिट आणि इस्की

इंग्रजीसाठी बाइटातील सात बिट पुरतात. आठवा बिट मोकळा असल्यामुळे ज्याला जशी गरज पडली तसा तो वापरला गेला. वर्डस्टार हा एकेकाळचा लोकप्रिय लेखनप्रोग्रॅम शब्दाच्या अखेरच्या अक्षरावर स्वतःची खूण म्हणून तो बिट चढवीत असे. भारतीय लिप्यांना जागा मिळाली ती याच आठव्या बिटाच्या पलीकडे, १२८ ते २५५ या संकेतांकांत.

कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत १९८० च्या दशकात देवनागरी संगणकनाचे जे काम झाले, त्यात आर. एम. के. सिन्हा यांच्यासोबत मोहन तांबे या मराठी अभियंत्याचा मोठा वाटा होता. १९८८ मध्ये पुण्यात प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजे सी-डॅक, स्थापन झाले आणि हे काम ‘जिस्ट’ या नावाने तेथे आले. सी-डॅकचे नाव लोकांच्या लक्षात राहिले ते डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये तयार झालेल्या परम महासंगणकामुळे. सर्वसामान्य मराठी वापरकर्त्याच्या दृष्टीने जिस्टचे काम त्याहून कमी मोलाचे होते असे म्हणता येणार नाही. याच कामातून आकाराला आलेली ‘इस्की’ ही संकेतप्रणाली १९९१ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने आयएस १३१९४ या क्रमांकाने प्रमाण केली.

इस्कीच्या तक्त्याकडे असेंब्लीच्या नजरेने पाहिले की त्यातील दूरदृष्टी ध्यानात येते. चंद्रबिंदू १६१, अनुस्वार १६२, विसर्ग १६३. मग १६४ पासून स्वर. १७९ या संकेतांकावर क आणि २१६ वर ह. त्यानंतर २१८ पासून काना-वेलांट्या. आणि २३२ वर हलन्त. अनुस्वारादी चिन्हे, स्वर, व्यंजने, स्वरचिन्हे, हलन्त हा तो क्रम. अंकांनी बाइट ताडणाऱ्या यंत्राला त्यामुळे आपोआप ‘कमळ’ हे ‘काम’च्या आधी आणि ‘काम’ हे ‘क्रम’च्या आधी लागते. मराठी कोशांचा क्रमही तोच आहे. जिस्ट कार्ड वैयक्तिक संगणकात बसवले की डीबेससारखा इंग्रजीसाठी लिहिलेला प्रोग्रॅमही देवनागरी नोंदी ठेवू शके. त्या प्रोग्रॅमला आपण मराठी हाताळत आहोत याची जाणीवही नसे. त्याची तुलनेची फेरी तीच जुनी वजाबाकी होती. तरी यादी बरीचशी बरोबर लागे, कारण वर्णमालेचे ज्ञान तक्त्याच्या क्रमातच भरून ठेवलेले होते. तुलनेची फेरी जलद करणे हा वेग वाढवण्याचा एक मार्ग. फेरीला भाषेचा विचारच करावा लागू नये अशी व्यवस्था करणे हा दुसरा. इस्कीने दुसरा मार्ग धरला, आणि प्रोसेसरच्या एकाही जादा ठोक्याविना तो साधला.

अर्थात एक अट होती. बाइट ‘चिन्हरहित’ समजून ताडले गेले पाहिजेत. ८०८६ च्या भाषेत तुलनेनंतर ‘जेबी’ ही उडी घेतली तर २१५ हा १०० पेक्षा मोठा ठरतो. ‘जेएल’ घेतली तर १२७ च्या वरचा प्रत्येक बाइट ऋण समजला जाऊन लहान ठरतो. एका सूचनेच्या निवडीने सारी मराठी नावे इंग्रजी नावांच्या आधी जाऊन बसतात. सी भाषेच्या प्रमाणकाने ‘एसटीआरसीएमपी’ने बाइट चिन्हरहित धरूनच ताडावेत असा नियम केला आहे, स्वतःची फेरी लिहिणाऱ्याला मात्र हा नियम आठवण करून देणारे कोणी नसते.

या व्यवस्थेला पुढे जो तडा गेला तो प्रोसेसरमुळे नव्हे. १९९० च्या दशकात अक्षराकृतींवर आधारित फाँट मुद्रणालयांतून कार्यालयांत शिरले. त्यांत साठवला जाई तो वर्ण नव्हे, तर पडद्यावर दिसणारा आकार. पहिली वेलांटी व्यंजनाच्या डावीकडे दिसते म्हणून ती आधी साठवली जाई. अशा नोंदी बाइटांनी क्रमवार लावल्या तर भिगवण, निमगाव केतकी, शिर्सुफळ आणि पिंपळी ही गावे एकाच गठ्ठ्यात येणार. भ, न, श आणि प या वर्णांना त्यात काही अर्थ उरत नाही. मुद्रणास योग्य असलेली गोष्ट नोंदवहीस योग्य असतेच असे नाही, हा धडा अनेक कार्यालयांना जुनी माहिती नव्या प्रणालीत नेताना मिळाला.

युनिकोड आणि नववा बाइट

युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ ची. तिने देवनागरीचा विभाग इस्कीच्या १९८८ च्या आराखड्यावर बेतला, त्यामुळे वर्णांचा क्रम बहुतांशी तसाच राहिला. साठवणुकीसाठी आज सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या यूटीएफ-८ पद्धतीतही बाइटांचा क्रम आणि संकेतांकांचा क्रम जुळतो. बदलली ती लांबी. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह आता एका बाइटाऐवजी तीन बाइट घेते. त्यांतील पहिला नेहमी २२४, दुसरा १६४ किंवा १६५; खरी माहिती तिसऱ्यात.

माळेगाव आणि मासाळवाडी यांच्याकडे परत जाऊ. इस्कीत दोन्ही नावांचे ‘म’ आणि ‘काना’ हे दोन बाइट समान, आणि तिसऱ्या बाइटावर ळ (२१०) विरुद्ध स (२१५) असा निकाल लागतो. यूटीएफ-८ मध्ये हाच निकाल नवव्या बाइटावर लागतो : १७९ विरुद्ध १८४. फरक तेव्हाही पाच होता, आताही पाचच आहे. मात्र तेथवर पोहोचण्यास तिप्पट चाल करावी लागते.

प्रोग्रॅमरांच्या एका आवडत्या युक्तीवर याचा विचित्र परिणाम झाला. तुलनेची मोठी फेरी सुरू करण्यापूर्वी दोन्ही मालिकांचा फक्त पहिला बाइट पाहावा, तो भिन्न असेल तर पुढे जाऊच नये, ही ती युक्ती. इंग्रजी शब्दांत बहुसंख्य भिन्न जोड्या येथेच गळून पडतात. इस्कीतील मराठीतही पडत. यूटीएफ-८ मधील मराठीत मात्र पहिला बाइट सदैव २२४. एकही जोडी गळत नाही, आणि पाहणीचा खर्च तेवढा वाया जातो.

दुसरी युक्ती अधिक प्रसिद्ध आहे. केंब्रिजचे अॅलन मायक्रॉफ्ट यांनी १९८७ मध्ये चार बाइटांच्या शब्दात कोठे शून्य दडले आहे काय हे एकेक बाइट न पाहता ओळखण्याचे सूत्र मांडले. प्रत्येक बाइटातून एक वजा करावा; मूळ शब्दाचे बिट उलटवून त्याच्याशी ‘आणि’ ही क्रिया करावी; मग प्रत्येक बाइटाचा फक्त सर्वांत वरचा बिट ठेवावा. काही उरले तर शून्य आहे. तीन-चार सूचनांत चार बाइटांचा निकाल! याची आणखी स्वस्त आवृत्ती म्हणजे बिट उलटवण्याची पायरी गाळणे. सात बिटांच्या इंग्रजीत तिने काही बिघडत नाही. परंतु १२८ हून मोठ्या प्रत्येक बाइटाला ती ‘येथे शून्य असावे’ असा खोटा इशारा देते, आणि यंत्र चार बाइट पुन्हा एकेक करून तपासते. उत्तर चुकत नाही, उशीर होतो. मराठी मजकुरात जवळपास प्रत्येक बाइट या वर्गात मोडतो. ज्या प्रणालींनी ही स्वस्त आवृत्ती स्वीकारली त्यांत इंग्रजी मजकूर वेगाने आणि मराठी मजकूर रेंगाळत जाई. सूत्र लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर कोणती भाषा होती, ते येथे यंत्राच्या गतीतून उघड होते.

सोळा बाइटांची झेप आणि तिची किंमत

पेंटियम ४ सोबत आलेल्या एसएसई२ सूचनांनी (२०००) सोळा बाइट एकदम ताडता येऊ लागले : एका सूचनेने सोळा समानता तपासायच्या, दुसरीने त्यांचे सोळा बिटांत सार काढायचे, तिसरीने पहिला भिन्न बिट शोधायचा. २००८ च्या नेहेलेम प्रोसेसरांत एसएसई४.२ या संचाने खास मजकुरासाठी सूचना दिल्या, आणि २०१३ पासून एव्हीएक्स२ मुळे झेप बत्तीस बाइटांची झाली. लिनक्सच्या जीलिबसी या ग्रंथालयात प्रोसेसर पाहून यांतील योग्य ती आवृत्ती निवडली जाते.

येथे एक अडचण उभी राहते. मालिका कोठे संपते हे आधी ठाऊक नसते. सोळा बाइट उचलताना नाव संपल्यानंतरच्या जागेतही हात जातो. स्मृती ४०९६ बाइटांच्या पानांत विभागलेली असते, आणि पुढचे पान त्या प्रोग्रॅमचे नसेल तर यंत्र त्याला तेथेच थांबवते. यावरचा तोडगा म्हणजे सोळाने भाग जाणाऱ्या पत्त्यापासूनच उचल करणे. असा तुकडा पानाची सीमा कधीच ओलांडत नाही. परंतु दोन मालिकांपैकी एक सोळाच्या पटीत आणली तर दुसरी क्वचितच तशी असते, म्हणून दुसरी पानाच्या काठाजवळ येताच सावध व्हावे लागते. आजच्या एका वेगवान ‘एसटीआरसीएमपी’त मूळ तुलनेच्या ओळी थोड्या आणि ही काठाची राखण करणाऱ्या ओळी पुष्कळ, असे प्रमाण दिसते.

वेगाच्या मागे लागताना कराराच्या बारीक अटी कशा विसरल्या जातात याचे एक उदाहरण नोंदवण्याजोगे आहे. ‘मेमसीएमपी’ या तुलनेच्या कार्याने शून्य, धन किंवा ऋण पूर्णांक द्यावा एवढेच प्रमाणकात आहे. तो किती मोठा असावा याला बंधन नाही. जुन्या फेऱ्या बहुधा दोन बाइटांची वजाबाकी देत. एसएसई वापरणाऱ्या नव्या आवृत्तीने मोठे पूर्णांक देण्यास सुरुवात केली. मायएसक्यूएल आणि मारियाडीबी या प्रणालींत परवलीच्या शब्दाची पडताळणी करणाऱ्या भागाने हे उत्तर एका बाइटात साठवले होते. उत्तराचा खालचा बाइट योगायोगाने शून्य आला की ‘भिन्न’चे ‘समान’ होई. २०१२ च्या जूनमध्ये हा दोष उघड झाला तेव्हा लक्षात आले की ज्या यंत्रांवर ही विशिष्ट जुळणी होती तेथे चुकीचा परवलीचा शब्द वारंवार दिला तर सरासरी २५६ प्रयत्नांत एकदा दार उघडत होते. तुलनेची सूचना निर्दोष होती, ग्रंथालयही प्रमाणकाला धरून होते. दोष होता दोघांच्या मधल्या गृहीतात.

‘समान’ म्हणजे काय?

वरील सर्व प्रगती एका प्रश्नाला हात लावत नाही. बारामती तालुक्यातील कोऱ्हाळे हे नाव युनिकोडमध्ये निदान तीन प्रकारांनी साठवता येते : ‘ऱ’ हा स्वतंत्र वर्ण वापरून (२४ बाइट), ‘र’ला नुक्ता जोडून (२७ बाइट), किंवा ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह यांनी (२७ बाइट). पडद्यावर तिन्ही सारखी दिसू शकतात. यांतील पहिली दोन युनिकोडच्या नियमांनी समतुल्य आहेत, आणि प्रसामान्यीकरणाची क्रिया केली की एकरूप होतात. तिसरे तेवढ्याने एकरूप होत नाही. एव्हीएक्स२ ची बत्तीस बाइटांची झेप तिन्ही नावे एका क्षणात ‘भिन्न’ म्हणून जाहीर करील, आणि तिच्या नियमाने ती बरोबरच असेल.

इंदापूरचे उदाहरण याहून साधे आहे. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या शुद्धलेखनविषयक नियमांप्रमाणे ग्रामनामातील ‘पूर’ दीर्घ लिहावयाचा. व्यवहारात ‘इंदापुर’ अशा पाट्या सर्रास दिसतात. दोन्ही रूपांत अठराव्या बाइटावर १३० विरुद्ध १२९, एवढा एकाचा फरक. हा फरक कोणतेही प्रसामान्यीकरण पुसणार नाही, कारण युनिकोडच्या दृष्टीने ते दोन वेगळे शब्द आहेत. आडनावांत तर ऱ्हस्व-दीर्घाचा गोंधळ याहून मोठा. नावाने शोध घेणाऱ्या व्यवस्थेने काय सारखे मानावे, हे ठरवण्याचे काम महसुलाच्या व्यवहाराचे आहे. ते यंत्रभाषेवर सोडता येत नाही आणि आजवर बहुतेक ठिकाणी ते नकळत तिच्यावरच सोडले गेले आहे.

क्रमाचा प्रश्नही राहतोच. इस्कीने ळ हा ल आणि व यांच्या मध्ये बसवला, कारण तक्ता सर्व भारतीय लिप्यांना समान ठेवायचा होता. मराठी वर्णमालेत ळ ची जागा ह च्या नंतर. राज्य शासनाने २००९ मध्ये प्रमाण केलेल्या वर्णमालेतही ती तशीच आहे. त्यामुळे बाइटांच्या हिशेबाने माळेगाव आधी आणि मासाळवाडी नंतर, तर वर्णमालेच्या हिशेबाने नेमके उलट. इंदापूर तालुक्यातील कळस आणि बारामती शहरातील कसबा यांचेही तेच. २००८ मध्ये युनिकोडमध्ये दाखल झालेला ‘ॲ’ हा स्वर तर जागा उरली नसल्याने व्यंजनांच्याही पलीकडे जाऊन बसला आहे. क्ष आणि ज्ञ वर्णमालेच्या शेवटी हवेत असे म्हणणाऱ्यांना यंत्र ते क आणि ज खालीच देते.

यावर युनिकोडच्या क्रमनिर्धारण पद्धतीने काढलेला मार्ग इस्कीच्या मार्गाची आठवण करून देणारा आहे. प्रत्येक नावापासून एकदाच एक ‘क्रमकिल्ली’ तयार करावयाची. तीत ळ ला ह नंतरचे वजन, क्ष ला भाषेनुसार हवे ते वजन, अदृश्य चिन्हांना वजनच नाही. किल्ल्या सूचीत साठवून ठेवल्या की यापुढची प्रत्येक तुलना पुन्हा तीच मुकी, वेगवान वजाबाकी. भाषेचा विचार नोंद करताना एकदा होतो, शोध घेताना लाख वेळा करावा लागत नाही. सी भाषेच्या १९८९ च्या प्रमाणकातही अशी किल्ली करून देणारे कार्य आहे. किल्ली मूळ नावाहून लांब असू शकते आणि जागा खाते, हा तिचा तोटा. तालुक्याच्या खातेदारांच्या यादीपुरता तो आज नगण्य आहे. माळेगाव आणि मासाळवाडी यांना आपापल्या जागी बसवणारी झेप अखेर सोळा बाइटांचीच राहते, फक्त ती नावांवर न पडता किल्ल्यांवर पडते.

वर्णांची रांग : मोरोपंतांचे एक रामायण

वर्णमालेचा क्रम यंत्राच्या किती उपयोगी पडतो, हे पाहण्यासाठी बारामतीतच एक जुने साहित्य आहे. मोरोपंत (१७२९–१७९४) यांचा जन्म पन्हाळ्याचा, परंतु बाबूजी नाईक यांच्या आश्रयाने त्यांचे आयुष्य बारामतीत गेले आणि तेथेच ते निवर्तले. त्यांनी १०८ रामायणे रचली असे परंपरा सांगते. त्यांत वर्णांवर निर्बंध घालून केलेल्या रचना आहेत. ‘निरोष्ठ रामायण’ ही त्यांपैकी एक, ओष्ठ्य वर्ण टाळून रचलेली. चित्रकाव्य म्हणून समीक्षकांनी अशा रचनांची हेटाळणीही केली आहे. कवीने लेखणी चालवताना मनात जी तपासणी प्रत्येक अक्षराला केली असेल, ती मात्र प्रस्तुत विषयाच्या अगदी जवळची आहे.

एखादा मजकूर निरोष्ठ आहे काय, हे असेंब्लीत कसे तपासावे? प, फ, ब, भ, म असे पाच वर्ण. म्हणजे दर अक्षराला पाच तुलना, असे प्रथमदर्शनी वाटते. परंतु उच्चारस्थानानुसार वर्गवारी करणाऱ्या प्राचीन वैयाकरणांनी हे पाचही एका ओळीत बसवले, आणि इस्कीने ती ओळ तशीच ठेवली : २०० ते २०४. बाइटातून २०० वजा करावे आणि चिन्हरहित उत्तर ४ किंवा त्याहून लहान आहे काय पाहावे. पाच तुलनांची एक होते. एसएसई४.२ मध्ये तर ‘या मर्यादेत बसणारा बाइट शोधा’ असा प्रकारच आहे, आणि तो सोळा बाइटांवर एकदम चालतो. इंग्रजीत बी, एम, पी ही अक्षरे विखुरलेली असल्याने अशी सोय नाही. (व आणि उकारादी स्वरांना ओष्ठ्य मानावे की नाही, हा शास्त्रार्थ वेगळा, ते ओळीच्या बाहेर असल्याने त्यांची तपासणी निराळी करावी लागेल.)

यूटीएफ-८ मध्ये हीच मर्यादा तिसऱ्या बाइटाची १७० ते १७४ होते. पहिला बाइट २२४ आणि दुसरा १६४ किंवा १६५ असल्याने ते या मर्यादेत कधीच येत नाहीत. म्हणून कोणता बाइट कितवा हे न मोजताही सरसकट शोध घेता येतो. अपवाद एकच. १६५ च्या गटात १७० ते १७४ या जागी ४, ५, ६, ७ आणि ८ हे देवनागरी अंक बसलेले आहेत. छापील प्रतीवरून उतरवलेल्या पाठात प्रत्येक पद्याच्या शेवटी क्रमांक असतो, आणि चौथ्या पद्यापाशी पोहोचताच यंत्र तेथे ओष्ठ्य वर्ण सापडल्याचे कळवील.